‘चार्ज’ला मराठीत काय म्हणायचं?

एका वाचक ताईंनी विचारलं आहे: “इंग्रजी-मराठी कोशात ‘चार्ज’समोर भार, शुल्क, आरोप, हल्ला असे शब्द एका ओळीत दिलेत. हे एकमेकांचे समानार्थी कसे? मला एका सराफी पेढीच्या सूचनांचं मराठी करायचं आहे. त्यात ‘मेकिंग चार्जेस’, ‘शाखेचा चार्ज’ असं जागोजागी येतं. सगळीकडे ‘शुल्क’ लिहिलं तर चालेल का?”

नाही चालणार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र फार सुंदर आहे. भार, शुल्क, आरोप, हल्ला हे एकमेकांचे समानार्थी अजिबात नाहीत. एकाच गाडीतून उतरलेले ते चार प्रवासी आहेत, आणि ती गाडी खरोखरची आहे. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे मालवाहू गाडी. त्यावरून ‘कारिकारे’ म्हणजे गाडीत ओझं लादणं. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि 13व्या शतकात इंग्रजीत हा शब्द आला तो ‘लादणे’ हा अर्थ घेऊनच. कार, कार्गो, कॅरी ही सगळी याचीच भावंडं. ‘कॅरिकेचर’सुद्धा, कारण इटालियनमध्ये त्याचा अर्थ रेषांचं ओझं जरा जास्तच लादलेलं चित्र.

आता लादायचं काय, एवढंच बदलत जातं. खांद्यावर जबाबदारी लादली की पदभार, माथी गुन्हा लादला की आरोप, गिऱ्हाइकावर रक्कम लादली की आकार. जमिनीवर कर्ज लादलं तर? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 100 खाली ‘चार्ज’ची व्याख्या आहे: गहाण न टाकताही एखाद्या रकमेसाठी मालमत्ता तारण ठरणं. पण गावात ही कल्पना समजायला कलम लागत नाही. पीककर्ज काढलं की सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा चढतो, आणि कर्ज फिटलं की शेतकरी तलाठ्याकडे बोजा उतरवायला जातो. चढतो, उतरतो! लॅटिनमधली ती गाडी इथे आपल्या शिवारात उभी असल्यासारखी वाटते. कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. ओझं वाहणाऱ्या माणसांना दोन्हीकडे तेच सुचलं.

बंदुकीची गोष्टही तशीच. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालून गजाने ठासायचे. एका वेळची ही भरती म्हणजे इंग्रजीत ‘चार्ज’ आणि मराठीत ‘बार’. बार भरायचा, बार उडवायचा. तळहातावर तंबाखू मळून चिमूट ओठाआड दाबणारा आजही ‘बार भरला’ म्हणतो, ते यावरूनच. पुढे 18व्या शतकात लायडनच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली, तेव्हा ती विजेने ‘भरायला’ इंग्रजीत हाच शब्द रुळला. अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी अशा बरण्यांच्या जोडणीला ‘बॅटरी’ म्हटलं, तोही तोफखान्यातला शब्द. म्हणजे आपल्या खिशातल्या मोबाईलची बॅटरी आणि तिचं चार्जिंग दोन्ही रणांगणावरून आलेली आहेत.

विज्ञानाच्या पुस्तकात यासाठी ‘प्रभार’ आहे: प्रोटॉनवर धनप्रभार, इलेक्ट्रॉनवर ऋणप्रभार. हिंदीत त्याला ‘आवेश’ म्हणतात. मराठीत आवेश भाषणात असतो, इलेक्ट्रॉनवर नाही, त्यामुळे हिंदीवरून मराठी करणाऱ्यांनी इथे जपायला हवं. मोबाईल मात्र ‘प्रभारित’ करायला सांगू नका. तो चार्जच करावा. या शब्दाला आपण इतकं घरचं करून टाकलंय की ‘चार्जिंगला लावलाय’ हे थेट ‘दूध विरजणाला लावलंय’च्या चालीवर आहे. ‘माझं चार्जिंग संपलंय’ ही रचना तर इंग्रजीत सापडायचीच नाही.

जबाबदारीच्या अर्थाने पदभार आणि कार्यभार असे दोन शब्द चालतात, आणि वर्तमानपत्रांत त्यांची सरमिसळ होते. मी फरक करतो. त्या खुर्चीवर रीतसर नेमणूक झाली तर पदभार. आपलं पद सांभाळून दुसऱ्याचं काम काही दिवस पाहायचं असेल तर अतिरिक्त कार्यभार. ‘प्रभारी’तही बहुतेक वेळा तात्पुरतेपणाची छटा असते, ‘प्रभारी मुख्याध्यापक’ वाचलं की कायमचे अजून आलेले नाहीत हे कळतं. म्हणून तुमच्या सूचनेतला ‘शाखेचा चार्ज’ नव्या व्यवस्थापकांकडे कायमचा गेला असेल तर ‘पदभार’ लिहा.

कोर्टातल्या अर्थाशी तुमचा संबंध नाही, तरी एक घोळ सांगायलाच हवा. पोलीस तपास संपवून न्यायालयात देतात ते आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करतं, ती वेगळी पायरी. आरोप निश्चित व्हायच्या आधीच पुरेसा आधार नाही म्हणून सोडलं तर ‘दोषमुक्त’. खटला चालून सुटला तर ‘निर्दोष मुक्तता’. बातमीत हे दोन्ही एकच समजले जातात, आणि ज्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो त्याच्यासाठी हा फरक फार मोठा असतो. हल्ल्याच्या अर्थाने म्हणाल, तर लाठीचार्जला लाठीमार आहेच. घोडदळाच्या चढाईला जुन्या मराठीत ‘एल्गार’ होता, तो आता मोर्च्यांत ऐकू येतो.

राहिला पैसा. मराठी सगळ्यांत श्रीमंत आहे ती इथे.

‘शुल्क’ हा चांगला शब्द आहे, पण त्याला एक सरकारी खिडकी आहे: परीक्षा शुल्क, प्रवेश शुल्क, उत्पादन शुल्क. मोजमाप करून जी रक्कम बसते तिला ‘आकार’ म्हणतात. महावितरणचं बिल काढून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे रकाने दिसतील, आणि त्याच कागदावर ‘मंजूर भार’ही, जो ‘लोड’चा मराठी आहे. स्थानिक कराला ‘पट्टी’: घरपट्टी, पाणीपट्टी. मुळातल्या रकमेवर आणखी चढवलेला तो अधिभार.

पण हे सगळे कागदावरचे शब्द झाले. हाताने केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी मराठीने त्या कामावरूनच शब्द घडवला. शिवण्याची शिवणावळ, दळण्याची दळणावळ, लिहिण्याची लिहिणावळ. ‘खाणावळ’ही याच साच्यातली. दुसरा साचा ‘ई’चा: धुलाई, छपाई, हमाली. बाजार समितीत कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याच्या हातात जी हिशेबाची पट्टी पडते, तिच्यात हमाली, तोलाई, वाराई असं एकाखाली एक कापलेलं असतं. ओझं कुणी उचललं, वजन कुणी केलं, हे त्या शब्दांतच लिहिलेलं आहे. ‘सर्व्हिस चार्जेस’ म्हटलं की ती माणसं पुसली जातात, आणि शेतकऱ्याला आपले पैसे कशाकशात गेले हे विचारताही येत नाही. मला ही हानी फार मोठी वाटते. आमच्या घरी जुन्या वहीत आजीच्या अक्षरात ‘2 पोलकी, शिवणावळ’ अशी नोंद आहे. आता माझ्याच बोलण्यात ‘शिलाई’ येते, आणि पुढच्या पिढीच्या तोंडी ‘स्टिचिंग चार्जेस’.

सराफाच्या दुकानात अजून तो शिवणावळीचा साचा जिवंत आहे, ही आनंदाची गोष्ट. सोन्याचा भाव वेगळा आणि दागिना घडवणाऱ्या कारागिराची घडणावळ वेगळी. तुमच्या सूचनेत नेमकं तेच सांगायचं आहे. तेव्हा ‘मेकिंग चार्जेस एक्स्ट्रा’साठी ‘घडणी शुल्क अतिरिक्त राहील’ असं लिहू नका. ‘घडणावळ वेगळी’ एवढंच लिहा. दुरुस्तीसाठी ‘दुरुस्तीची मजुरी’, आणि साखळी ओवून देण्याचे, डाग देण्याचे (म्हणजे तुटलेला सांधा जोडण्याचे) काही घेत नसतील तर ‘मोफत’.