गरम पाण्यात साबण अधिक चालतो, मग तेलसाठ्याच्या उष्णतेत सर्फॅक्टंट निकामी का होतो?

हे वाक्य, म्हणजे ‘उष्णता साबणाला मदतच करते’, फोंड्याजवळच्या एका प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शकांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आपला प्रश्न वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखे रसायन; खडकात अडकलेले तेल सुटावे म्हणून ते पाण्यात मिसळून जमिनीखालच्या तेलसाठ्यात सोडतात.

आमच्या सगळ्या चाचण्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे फोंड्याच्या मे महिन्यात साधारण ३२ अंशांना, होत असत. एका संध्याकाळी सर घरी गेल्यावर मी ट्रायटन एक्स-१०० या सर्फॅक्टंटचे १ टक्क्याचे द्रावण परीक्षानळीत भरून वॉटर बाथमध्ये ठेवले. ६० अंशांपर्यंत ते नितळ होते. ६५ च्या आसपास मात्र नारळाच्या पातळ रसासारखे दुधाळ झाले आणि थंड होताच पुन्हा नितळ झाले. नळी नीट धुतली नव्हती, असा सरांचा निष्कर्ष पडला. वास्तविक हा क्लाउड पॉइंट, म्हणजे द्रावण गढूळ होण्याचे तापमान, होता : अशा नॉनआयॉनिक, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, रेणूची ऑक्सिजनयुक्त इथॉक्सी साखळी पाण्याला हायड्रोजन बंधांनी धरून असते, उष्णतेने ती पकड सैल होते आणि रेणू पाण्याकडून तेलाकडे झुकतो.

ईथर सल्फेट या दुसऱ्या प्रकारच्या सर्फॅक्टंटचे दुखणे याहून वाईट, कारण ते थंड केल्याने बरे होत नाही. साधारण ६० अंशांपलीकडे पाणीच त्यांचा रेणू तोडू लागते, त्यातून आम्ल सुटते आणि ते आम्ल ही मोडतोड आणखी वाढवते. ८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठवडाभर ठेवलेल्या बंद कुप्यांचा सामू घसरलेला मी दाखवला, तेव्हा ‘अहवालात तासाभराचे आकडे पुरेत’ असे उत्तर मिळाले. खडकात महिनोन्महिने राहणाऱ्या द्रावणाची परीक्षा तासाभरात उरकणे ही शुद्ध फसवणूक आहे. शिवाय तेल सुटण्यासाठी आंतरपृष्ठीय ताण, म्हणजे तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण, मिलिन्यूटन प्रति मीटरच्या हजाराव्या भागापर्यंत उतरावा लागतो, आणि तो पाण्याच्या ज्या खारटपणाला उतरतो तो खारटपणाही तापमानाबरोबर सरकतो : ॲनायनिक, म्हणजे ऋणभारित, सर्फॅक्टंटसाठी सहसा वर, ट्रायटनसारख्या इथॉक्सिलेटसाठी खाली.

म्हणून आपण चाचणी करणार असाल, तर साठ्याच्याच तापमानाला आणि साठ्यातल्याच पाण्यात करावी. सल्फोनेट नावाचे ॲनायनिक सर्फॅक्टंट उष्णता सोसतात, पण त्यांतले बरेच कॅल्शियमयुक्त पाण्यात साका होऊन बसतात. अल्कली घातल्यास सल्फेटही अधिक टिकतात, हे आधीच सांगायला हवे होते. शिवाय ॲनायनिक सर्फॅक्टंटचे खडकाला चिकटून वाया जाणे उष्णतेने बहुधा कमी होते. तेवढ्यापुरते सरांचे वाक्य मी मान्य करतो.