दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि न सांगितलेला पर्याय

प्रश्न : माझी आई (वय ४८) सांगली जिल्ह्यात राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यातील एका खासगी रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या पहिल्या टप्प्यातील कर्करोगासाठी तिची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. गाठ सुमारे तीन सेंटिमीटरची होती आणि बिल साडेचार लाखांचे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये आजार परत आल्याचे निदान झाले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पोट उघडून करणे अधिक सुरक्षित मानले जाते, असे सांगितले. हे आम्हाला आधी कोणीही सांगितले नव्हते. संमतीपत्रावर सही वडिलांची आहे. दाद मागता येईल का?

उत्तर : ग्राहक आयोगात दाद मागता येईल; मात्र आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करायला हव्यात. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करणे हाच निष्काळजीपणा होता, ही पहिली. आणि पर्याय व त्यातील धोका न सांगता ती केली, ही दुसरी. माझ्या मते आपले प्रकरण दुसऱ्या तक्रारीवर उभे राहील.

पहिल्या तक्रारीला आधार नाही असे नाही. २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातील ६३१ रुग्ण स्त्रियांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली होती. साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के, तर दुर्बीण किंवा रोबोटने केलेल्या शस्त्रक्रियेत ८६ टक्के आढळले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पोट उघडून करण्याच्या पद्धतीलाच प्रमाण मानले. तरीही, जबाबदार डॉक्टरांचा एक गट जी पद्धत योग्य मानतो ती वापरणारा डॉक्टर केवळ दुसऱ्या गटाचे मत वेगळे आहे म्हणून निष्काळजी ठरत नाही, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) मान्य केली आहे. आणि योग्य खबरदारी घेतल्यास दुर्बिणीचे निकालही चांगले येतात, असे सांगणारे तज्ज्ञ समोरची बाजू नक्की उभे करील. जेकब मॅथ्यू निकालानेच फौजदारी जबाबदारीसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली असल्याने पोलीस तक्रारीच्या मागे लागू नये.

संमतीचा मुद्दा वेगळा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निकालानुसार उपचाराचे स्वरूप, उपलब्ध पर्याय आणि ठळक धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर रुग्णाने दिलेली संमतीच खरी संमती होय, आणि रुग्ण सज्ञान व शुद्धीवर असताना तिच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलेली संमती चालत नाही. नवऱ्याची सही घेऊन मोकळे होण्याची आपल्याकडची रीत या निकालानंतरही सुटलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. अर्थात क्वचित उद्भवणारे धोकेही सांगितलेच पाहिजेत असे हा निकाल म्हणत नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या सुमारे पाच वर्षे आधी प्रसिद्ध झालेला आणि त्या शाखेत सर्वांना ठाऊक असलेला एवढा मोठा फरक क्वचितच्या धोक्यात मोडतो, हे म्हणणे टिकणे अवघड आहे. म्हणून संमतीपत्र बारकाईने पाहा : छापील मजकुरात शस्त्रक्रियेचे नाव मागाहून हाताने भरले आहे का, ते आईला समजणाऱ्या भाषेत आहे का, सहीची वेळ भूल देण्याच्या किती आधीची आहे, आणि तिची स्वतःची सही दुसऱ्या एखाद्या कागदावर आहे का.

पोट उघडूनही आजार परत आलाच असता, असा बचाव घेतला जाईल. त्या चाचणीच्या हिशेबाने दुर्बिणीच्या गटात शंभरात सुमारे चौदा जणींना आजार उलटला किंवा मृत्यू आला, दुसऱ्या गटात तीन-चार जणींना. दिवाणी स्वरूपाच्या वादात निःसंशय पुरावा लागत नाही, संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते, त्यामुळे हा फरक आपल्या बाजूने मांडता येतो. मात्र गटाचे आकडे एका रुग्णाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. गर्भाशय हलवण्यासाठी आतून उपकरण घातले होते का, योनीमार्ग कापण्यापूर्वी गाठ बंदिस्त केली होती का, काढलेल्या भागाच्या कडा व लसिका ग्रंथी आजारमुक्त होत्या का, हे शस्त्रक्रियेच्या टिपणातून आणि पॅथॉलॉजी अहवालातून पाहून स्त्री-कर्करोगतज्ज्ञाने लेखी मत द्यायला हवे. प्रत्येक वैद्यकीय प्रकरणात तज्ज्ञ लागतोच असे नाही, पण येथे त्याच्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुदतीबाबत विशेष सावध राहा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे मिळतात. रुग्णालय ती ऑगस्ट २०२३ पासून मोजील आणि मुदत संपल्याचे सांगेल. आपण ती सप्टेंबर २०२५ पासून मोजावी, कारण हानी आधी कळणे शक्यच नव्हते. सुप्त हानीच्या बाबतीत हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केले. पण त्याच प्रकरणात गोव्यातील सरकारी रुग्णालयाच्या परिचारिकेला त्याचा लाभ नाकारला, कारण वर्षानुवर्षे वेदना होत असूनही तिने वेळेत चौकशी केली नव्हती. म्हणून सप्टेंबर २०२७ ची वाट पाहू नका आणि तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्जही जोडा.

त्याहून निकडीचे काम कागदपत्रांचे आहे. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन असल्याने ही मुदत ऑगस्ट २०२६ मध्ये संपते. संपूर्ण केसपेपरची मागणी आईच्या सहीने, पोच घेऊन करावी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ७२ तासांत प्रती देणे बंधनकारक आहे.

तक्रार आईच्याच नावाने, सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल. त्यासाठी पुण्याला हेलपाटे घालण्याची गरज नाही. रुग्णालयाला दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. शस्त्रक्रियेपूर्वी कोण काय बोलले, खोलीत कोण होते, हे तिचे शपथपत्र तिची प्रकृती साथ देत असतानाच करून घ्यावे. वडिलांचे स्वतंत्र करावे, आणि त्यात ते कोणत्या समजुतीने सही करून बसले हे स्पष्ट लिहावे.