रॅम घेण्याआधी एक्सेल किती बिटचं आहे ते बघा

साडेचार लाख ओळींची फाइल, 8 जीबीचा लॅपटॉप, मध्येच ‘नॉट इनफ मेमरी’, आणि दुकानदार म्हणतोय 32 जीबी रॅम नि ग्राफिक्स कार्ड घ्या. तुमचं हे वाचून 2017 चा गळीत हंगाम आठवला.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या हिशेब विभागात होतो. वजनकाट्यावरच्या खेपा, तोडणी-वाहतुकीचे दर, वसुल्या, सगळं एकाच फाइलीत. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायची असते, म्हणून पंधरवडा संपला की रात्री थांबून बिलं काढायची. मी पदरच्या पैशांनी रॅम 4 ची 16 केली. तरी तोच संदेश! टास्क मॅनेजरमध्ये निम्मी रॅम मोकळी दिसायची, आणि एक्सेल मेमरी नाही म्हणायचं.

कारण एक्सेल 32 बिटचं होतं. विंडोज 64 बिट असलं तरी असल्या एक्सेलला फार तर 4 जीबी वापरता येते, जुन्या आवृत्त्यांना 2 च. ऑफिस 2019 च्या आधी आपोआप 32 बिटच बसायचं. एक्सेलमध्ये फाइल, मग अकाउंट, मग अबाउट एक्सेल उघडा, 32 की 64 बिट ते तिथे लिहिलेलं असतं. आज संध्याकाळीच बघा.

हे कळल्यावरही 64 बिटचं एक्सेल मिळवण्याच्या खटपटीत अख्खा हंगाम गेला. संगणक विभागाचं उत्तर एकच, ‘जुनं अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडलेला जादा प्रोग्राम) 64 वर चालत नाही.’ अडचण खरी होती. पण ते अ‍ॅड-इन माझ्या मशीनवर नव्हतंच, आणि तीन अर्ज देऊनही कोणी येऊन बघितलं नाही. शेतकऱ्यांची बिलं अडकलेली असताना ही बेफिकिरी मला आजही सहन होत नाही.

आता खरेदी. मी हार्डवेअरवाला नाही, अनुभवाचं सांगतो. ग्राफिक्स कार्डाचा गणिताला उपयोग नाही, ते पैसे प्रोसेसरवर घाला. सूत्रं प्रोसेसरच्या अनेक कोअरवर, म्हणजे आतल्या वेगवेगळ्या गणन-भागांवर, वाटली जातात, मॅक्रो (एक्सेलमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम) मात्र एकाच कोअरवर चालतो, म्हणून नुसती कोअरची संख्या बघू नका, एका कोअरचा वेग बघा. रॅम 16 जीबी, शक्यतो 8 च्या दोन पट्ट्या. पॉवर पिव्होट, म्हणजे एक्सेलमधलं मोठ्या डेटाचं साधन, वापरत असाल तर 32 घ्या. साध्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी हवीच.

आणि फाइलीत ऑफसेट, इनडायरेक्ट ही फंक्शनं वापरणारी सूत्रं किती आहेत तेही मोजा. कुठलाही आकडा बदलला की ती सूत्रं पुन्हा चालतात. आमच्याकडे ती काढून इंडेक्स-मॅच ही फंक्शनं घातली, फाइल एक्सएलएसबी (एक्सेलचा बायनरी फाइल-प्रकार) म्हणून सेव्ह केली, आणि उघडायला लागणारा वेळ निम्म्यावर आला. मशीन तेच होतं.