चप्पल निसटली, तेव्हा जंतू पोटातच होता

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये आम्ही सिंहगड रस्त्यावर राहत होतो. माझ्या यजमानांना तीन दिवस जुलाब झाले, मग बरं वाटलं. दहा दिवसांनी चालताना पायातली चप्पल आपोआप निसटू लागली आणि दोन दिवसांत त्यांना उठताच येईना. निदान जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम हा नसांचा आजार. अजून काठी लागते. प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून सासूबाई रोज काढे देतात. पोटातला जंतू पायात गेला कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जंतू पायात गेलाच नाही. आणि प्रतिकारशक्ती कमीही पडली नव्हती, हे सासूबाईंना आधी सांगा.

आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण मुख्यतः चरबीचं असतं. त्यातल्या काही रेणूंना बाहेरच्या अंगाला साखरेची छोटी साखळी असते. हे ग्लायकोस्फिंगोलिपिड. मज्जातंतूंवर त्यांचा गँग्लिओसाइड हा प्रकार भरपूर असतो आणि संदेश नीट पुढे जायला तो लागतो. त्यातल्या जीएम१ नावाच्या रेणूवर पाच साखरा असतात. (कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीला धरतं तेही याच जीएम१ला.)

पुण्यात त्या वेळी काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला होता. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून तो पोटात जातो. त्याच्या काही वाणांच्या अंगावर हुबेहूब जीएम१सारखी साखळी असते. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (जंतूला चिकटणारी प्रथिनं, अँटिबॉडीज) तयार करतं, तीच पुढे स्वतःच्या नसांना चिकटतात. यात एक ते तीन आठवडे जातात. तुमचे मधले दहा दिवस ते हेच. हा जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना जीबीएस होत नाही, त्यामुळे तुमच्या स्वयंपाकघराला दोष देत बसू नका.

या आजारात मला पायांपेक्षा श्वासाची धास्ती जास्त. वॉर्डात मी रुग्णाला एका दमात आकडे मोजायला लावते. सकाळी तीसपर्यंत गेलेला माणूस संध्याकाळी बाराला अडला, की त्याला लगेच आयसीयूत हलवते. इम्युनोग्लोबुलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं, हे दोनच उपचार खरे उपयोगी. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही.

काढ्यांनी नसा लवकर भरत नाहीत, आणि ‘इम्युनिटी वाढवणारं’ काही देण्याचं तर कारणच नाही. ते पैसे फिजिओथेरपीला लावा. नसेचा आतला धागाच तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचं अंतर टेपने मोजा, म्हणजे वर्ष उलटूनही काठी का लागते ते कळेल. आजार उलटणं क्वचितच घडतं. पण पुन्हा मुंग्या येऊन ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चप्पल अजून निसटते का, ते कळवा. निसटत असेल तर पाऊल लोंबतंय. फिजिओथेरपिस्टकडून घोट्याचा स्प्लिंट मापाने करून घ्या आणि घरातही मागे पट्टा असलेले सँडलच घालू द्या.