त्या घरात कोण बुडालं?

सूरसंवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा पर्वरीला गिटार शिकतो. त्याच्या सरांनी 'द हाऊस ऑफ द रायझिंग सन' हे इंग्रजी गाणं बसवून घेतलंय आणि सध्या घरात दुसरं काही वाजतच नाही. न्यू ऑर्लिन्सच्या कुठल्याशा घरापायी आपलं आयुष्य कसं नासलं, ते एक मुलगा सांगतो. परवा तेच गाणं वेगळंच ऐकलं. तिथे मुलगी बोलते, जुगारी बापाऐवजी तिचा प्रियकर येतो, चालही संथ. यातलं खरं कुठलं? मुलाने कोणाचं ऐकून शिकावं? आणि पंधरा वर्षांच्या पोराने एवढं दुःखी गाणं गावं का, हेही मनात येतं.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, पण त्याच्याकडे जायची वाट पहिल्या दोन प्रश्नांतून आहे.

हे गाणं कोणी रचलं ते कोणालाच माहीत नाही. सापडलेल्या ध्वनिमुद्रणांत सगळ्यांत जुनं १९३३ चं, क्लॅरन्स अ‍ॅश्ले आणि ग्वेन फॉस्टर यांचं. अ‍ॅश्ले सांगायचे की हे आपल्याला आजोबांकडून मिळालं. त्यांच्या गाण्यात बुडतो तो मुलगा. पुढे १९३७ साली लोकगीतं गोळा करत हिंडणारे अ‍ॅलन लोमॅक्स केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो गावी पोचले. तिथे जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्यांना हेच गाणं ऐकवलं. खाणकामगाराची लेक. तिच्या गाण्यात बुडते ती मुलगी. म्हणजे चार वर्षांच्या अंतराने, त्याच डोंगराळ मुलखात, मुलगाही भेटतो आणि मुलगीही. मूळ गाणं बाईचं आणि पुरुषांनी ते आपलं केलं, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

तरी मला विचाराल तर मुलीचंच गाणं जास्त आत जातं. त्यात माणसं किती थोडी आहेत बघा. आई शिवणकाम करते, तिने नवी निळी जीन्स शिवली आहे. प्रियकर न्यू ऑर्लिन्समध्ये पिऊन पडलेला. आणि एक धाकटी बहीण. माझ्या बहिणीला सांगा, माझ्यासारखं करू नकोस म्हणावं, एवढाच तिचा निरोप. आणि हा निरोप धाडणारी स्वतः एक पाय फलाटावर नि एक पाय गाडीत ठेवून त्याच घराकडे परत निघालेली आहे. मुलग्याच्या गाण्यात, तुमचा मुलगा वाजवतो त्यात, तो समस्त आयांना बजावतो की तुमच्या लेकरांना सांगा. तेही मोठं आहे, पण ते चव्हाट्यावरचं बोलणं झालं. मुलगी घरातल्या एकाच माणसाशी बोलते, आणि ते माणूस तिथे नाही.

ते घर म्हणजे कुंटणखाना, जुगाराचा अड्डा की बायकांचा तुरुंग, यावर अभ्यासकांची बरीच भांडणं झाली आहेत. गाणाऱ्याला त्याचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही.

आता जे मुद्रण तुमच्या मुलाच्या सरांनी समोर ठेवलंय त्याकडे येते. इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरातल्या 'द अ‍ॅनिमल्स' या बँडने ते १८ मे १९६४ रोजी लंडनमध्ये केलं. गाणारे एरिक बर्डन, गिटारवर हिल्टन व्हॅलेंटाइन, ऑर्गनवर अ‍ॅलन प्राइस. तेव्हाच्या तबकड्यांवर गाणं तीनेक मिनिटांत आटपायची रीत होती, हे जवळपास साडेचार मिनिटं चाललं. तरीही त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत, दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेलं. आधीच्या कित्येक गायकांनी ते एकट्या गिटारवर म्हटलं होतं. यांनी त्याला वीज जोडली. बर्डन सुरुवातीला खालच्या पट्टीत, जवळजवळ गुरगुरत सांगतात. ऑर्गनचा तुकडा संपला की आवाज एकदम वर चढतो आणि मग खाली यायचं नाव घेत नाही. पश्चात्तापापेक्षा त्यात संताप जास्त ऐकू येतो, निदान मला.

मी पेटी शिकवते, म्हणून या गाण्यातली जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त भिडते ती पेटीवरच दाखवते. मुलाला एक दिवस गिटार बाजूला ठेवून पेटीपाशी बसवा. पांढरी सहा हा सा धरा. पहिले चार कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे सुरांचे गट, खालच्या सुरांनी मोजले तर सा, कोमल ग, म, कोमल ध असे चढत जातात. चढणं कोणालाही कळतं. पण तिसऱ्या कॉर्डच्या पोटात बघा : म, शुद्ध ध आणि वरचा सा. लगेच चौथा येतो, आणि तो शुद्ध धैवत एका घरानं खाली उतरून कोमल होतो. खालचा सूर वर चाललाय आणि त्याच क्षणी आतला एक सूर हळूच खाली बसतो. शुद्ध ध लागला की वाटतं, आता काहीतरी उजळेल. ते उजळत नाही. पुढच्या ओळीत पंचमाच्या कॉर्डमध्ये शुद्ध निषाद येतो, तो सा कडे ओढत नेतो आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू. परत त्याच घराकडे जाणाऱ्या माणसाचं गाणं याहून वेगळ्या फेऱ्यावर कसं बसलं असतं, मला सांगा! मुलाला हे दोन कॉर्ड एकामागून एक सावकाश वाजवू द्या, आणि फक्त धैवतावर कान ठेवायला सांगा. बोटं आपोआप जपून पडू लागतील.

लयीचं म्हणाल तर हा बँड ते सहा मात्रांच्या झुल्यावर वाजवतो. आपल्या गोव्याचा मांडो, लग्नात गात-नाचत म्हणायचं ते संथ कोंकणी गीत, तोही सहाच्याच मापात चालतो. त्यामुळे मडगाव-लोटलीच्या लग्नांत ज्याने मांडो ऐकलाय, त्याच्या पायांना हे वजन परकं वाटू नये. गिटारचे सुटे सूर घाईने उडवायची सवय मुलांना लागते, त्यावर मांडोसारखा औषधी उपाय नाही. तो ऐकून पाहा म्हणावं, सहा मात्रांत माणसं कशी सावकाश चालतात ते.

बाकीच्यांत कोणाला ऐकावं? जोन बाएझ यांनी १९६० साली पहिल्याच अल्बममध्ये ते म्हटलं, आवाज स्वच्छ, पाण्यासारखा. दुःख थोडं जास्तच नितळ होतं, असं माझं मत. बॉब डिलन यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये, विसाव्या वर्षी, आपल्या पहिल्या अल्बमसाठी ते मुद्रित केलं, आणि मुलीचेच शब्द ठेवले. खरखरीत गळ्याचा विशीतला पोरगा 'मी एक अभागी मुलगी' म्हणून गातो आणि तुम्हाला क्षणभरही खटकत नाही. तुमच्या मुलाने हे जरूर ऐकावं. ती मांडणी मुळात लोकगायक डेव्ह व्हॅन रॉंक यांची. ते स्वतः हे गाणं मुद्रित करणार होते, त्याआधी डिलनचं झालं आणि व्हॅन रॉंक दुखावले. पुढे अ‍ॅनिमल्सचं गाजल्यावर लोक डिलननाच म्हणू लागले की तुम्ही त्यांची नक्कल करता, आणि त्यांनी ते गाणं सोडून दिलं. धनी नसलेल्या गाण्यावरून माणसं अशी रुसतात. अ‍ॅनिमल्सच्या तबकडीवर मांडणीचं श्रेय एकट्या प्राइस यांच्या नावावर लागलं, तेही त्यांच्या सोबत्यांना कायम सलत राहिलं. आणि जॉर्जिया टर्नर? जगभर पैसा झाला त्या गाण्यातून तिच्या हाती अगदी थोडं पडलं. याची चीड मला आजही येते.

माझी खरी शिफारस मात्र नीना सिमोन यांची, आणि त्यांचीही दोन्ही मुद्रणं. १९६२ साली निघालेल्या, न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज गेट' क्लबमधल्या कार्यक्रमाच्या अल्बममध्ये त्या ते इतकं संथ म्हणतात की दोन ओळींमधली शांतताही गाण्यातच धरावी लागते. कुठे रडवेला सूर नाही. जे झालं ते झालं, ऐका. आणि पुढे १९६७ च्या ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखगीतांच्या, अल्बममध्ये त्याच बाई तेच गाणं धावत, टाळीच्या ठेक्यावर म्हणतात. पहिल्यांदा ऐकून मला ते पटेना, दुःखाला एवढी घाई कशाला, असं वाटलं. ऐकत गेले तशी त्यातली भीती ऐकू यायला लागली. पहिल्या मुद्रणातली बाई त्या घरात बसून आहे, दुसऱ्यातली पळते आहे. एकाच गळ्याने एकाच गाण्याची दोन टोकं अशी उलगडलेली मला दुसरीकडे फारशी आढळली नाहीत. डॉली पार्टन यांनीही १९८० मध्ये ते केलं, घर कसलं ते आडपडदा न ठेवता. धिटाई आवडली, पण वाद्यांचा झगमगाट इतका की ती बहीण कुठे हरवली कळत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी जॉर्जिया टर्नरचं जुनं मुद्रण. सोळा वर्षांची मुलगी, सजावट नाही, भाव ओतण्याची खटपट नाही. मग डिलन, मग नीना सिमोन, आणि शेवटी पुन्हा अ‍ॅनिमल्स. तुमचा मुलगा आपल्या वाजवण्यात आपणहून काहीतरी बदलेल. काय बदललं ते सरांना नका विचारू, त्याला विचारा.

आणि आता वयाचं. ज्या मुलीकडून हे गाणं जगाकडे गेलं तीच सोळाची होती. आपल्याकडे जत्रेच्या नाटकांत हरिश्चंद्र-तारामतीचा खेळ लागतो तेव्हा रोहिदासाचं काम करणारं पोर आठ-नऊ वर्षांचं असतं. साप चावून ते मरतं, तारामती त्याला मांडीवर घेऊन आक्रोश करते, मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात, आणि खेळ संपल्यावर तेच पोर रंग पुसून खाज्याच्या दुकानापुढे उभं असतं. दुःखी गाण्याने मुलं दुःखी होत नाहीत. एकट्याने सोसायला लागलं तर होतात. तुम्ही त्याच्याशेजारी बसून ऐकता आहात, तुम्हाला प्रश्न पडताहेत, हे मला फार आवडलं. एकदा त्याला विचारा, त्या बहिणीला निरोप पोचला असेल का? त्याचं उत्तर मला नक्की कळवा.

प्रश्न : माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणते. माहेरच्या, भावाच्या, गेलेल्या मुलीच्या. वय झालंय, म्हणून मुद्रित करून ठेवायचं ठरवलं. स्टुडिओवाले म्हणतात, कीबोर्डचा ट्रॅक करून त्यावर आईला गायला लावू, म्हणजे लोक ऐकतील. करावं का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : आधी नको. ट्रॅक नंतर कधीही करता येईल, आईचा श्वास नंतर मिळणार नाही. ओवीची लय जात्याच्या फिरण्याला आणि म्हणणारीच्या दमाला बांधलेली असते. ट्रॅकवर म्हणायला लावलं की आई यंत्राच्या मागे धावू लागेल, आणि जिथे तिचा गळा भरून येऊन ती थांबते तिथे कीबोर्ड मात्र वाजत राहील. गेलेल्या मुलीची ओवी तिथे संपलीच म्हणायची.

हेमा रायरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांचा मोठा संग्रह आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुला आहे. तिथल्या ओव्या आईला ऐकवा. दुसऱ्या बाईच्या तोंडून आपलीच ओवी वेगळ्या शब्दांत आली की म्हाताऱ्या बायकांना विसरलेल्या चार ओळी हमखास आठवतात. तुमच्या सत्तरी तालुक्यात पौष महिन्यात धालोंच्या, म्हणजे बायकांच्या फेर धरून म्हणायच्या गाण्यांच्या, मांडावर जाल तर हेच घडताना दिसेल : एकीने ओळ टाकली की दुसरी ती आपल्या वळणाने पुरी करते, आणि तुझी चूक म्हणून कोणी कोणाला अडवत नाही.

मुद्रण घरीच करा. पंखा बंद, मोबाइल विमान-मोडवर, आईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, तांब्या-भांड्यावर ठेवू नका, घडी घातलेल्या लुगड्यावर ठेवा. जातं असेल तर तिला त्यापाशी बसवा, नसेल तर हाताला काहीतरी काम द्या, तांदूळ निवडायला दिले तरी चालतील. मध्ये बोलली तर थांबवू नका, ओवीमागची गोष्ट त्या बोलण्यातच असते. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, गाव आणि ही ओवी आईने कोणाकडून घेतली ते सांगून ठेवा. एक प्रत फोनबाहेर, भावंडांपैकी कोणाकडे तरी लगेच द्या. आणि गेलेल्या मुलीच्या ओव्या पहिल्या दिवशी मागू नका. भावाच्या ओव्यांपासून सुरू करा, त्या ती आनंदाने म्हणेल.