शवासनात डोळे मिटले की जाऊच दिसते

प्रश्न: सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं मीच करते. पुण्याची जाऊ महिन्यातून एकदा मिठाई घेऊन येते आणि मग आठवडाभर घरात तिचंच कौतुक. योगवर्गातले सर म्हणतात, साक्षीभावाने बघा, म्हणजे मनात येईल ते त्रयस्थासारखं नुसतं पाहा. पण शवासनात डोळे मिटले की जाऊच दिसते. माझा योग फुकट गेला का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, काहीही फुकट गेलेलं नाही. दिवसभराच्या रगाड्यात जे दाबून ठेवता, ते अंग सैल सोडलं की वर येणारच.

साक्षीभाव मोलाचा आहे, पण तुम्हाला तो जरा घाईने सांगितला गेला असं मला वाटतं. पतंजलींच्या १९५ योगसूत्रांत (काही प्रतींत १९६) आसनावर अवघी तीन आहेत. योगाच्या आठ अंगांत पहिलं येतं यम, म्हणजे वागणुकीचे नियम, आणि यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य. आता मला सांगा, आपण थकलोय हे तुम्ही घरात कुणाला स्पष्ट बोललात का? तुमच्या दोन पानी पत्रात नवऱ्याचा उल्लेख नाही, दिरांचाही नाही. आई त्या दोघांची, आणि सगळा राग मात्र जावेच्या वाट्याला! हे सत्य आधी तुमच्या स्वतःपाशी मान्य व्हायला हवं. सोसत राहून स्वतःला झिजवणं अहिंसेतही बसत नाही.

मग योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं (प्रकरणातलं) तेहेतिसावं सूत्र हाताशी घ्या. सुख्यांशी मैत्री, दुःखितांबद्दल करुणा, पुण्यवंतांबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्यांबाबत उपेक्षा, या भावनेने चित्त प्रसन्न होतं. समोरचा बदलेल असं आश्वासन त्यात कुठेच नाही.

सासूबाईंचंच बघा. पडून असलेल्या माणसाला रोजचा हात गृहीत असतो, वाट पाहायला लागते त्याचं अप्रूप. त्यांचं कौतुक ऐकताना ही असहायता आठवली तर करुणा फार लांब नाही. टोमणे मात्र कानाआड करा, त्यांना उत्तर देत बसू नका. जावेच्या सुखात आनंद मानायची जबरदस्ती आत्ताच स्वतःवर करू नका. मैत्रीपासून सुरुवात पुरे. जाऊ आली की स्वयंपाकघरात राबत न बसता सासूबाईंच्या खोलीत तिला सोबत न्या. कूस कशी बदलायची, पाठीला पावडर कुठे लावायची, दुपारची गोळी कशात कुस्करून द्यायची, हे तिला दाखवा. आणि मोकळेपणाने म्हणा, "आज दुपारचं तू बघ, मी जरा पडते." तिला कुणी कधी सांगितलंच नसेल, हेही शक्य आहे.

त्याआधी या रविवारी नवऱ्याला शेजारी बसवून दिरांना फोन लावा. दिवसाची बाई ठेवायची, तिचा पगार दोघा भावांनी निम्मा-निम्मा द्यायचा, आणि वर्षातून काही दिवस आई पुण्याला, किंवा ते जमत नसेल तर दिरांनी इथे येऊन राहायचं. बोलताना आवाज चढला तरी चालेल, पण विषय अर्धवट सोडू नका. काय ठरलं ते मला जरूर कळवा.