बँकेने मागितलेलं पत्र आधी, फी नंतर

प्रश्न : माझं वय ४९. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या अकाउंट विभागात आहे, हातात महिना ५८ हजार येतात. मुलगी बारावी सायन्स झाली, नीटही दिली. तिला बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीची चार वर्षांची पदवी करायची आहे. एका खासगी कॉलेजात ७५ हजार भरून सीट धरली आहे. फी, होस्टेल, मेस मिळून चार वर्षांचे आणखी १२ लाख लागतील. बँकेने कौन्सिलच्या मान्यतेचं पत्र मागितलं. कॉलेज म्हणतं, प्रक्रिया चालू आहे, तोवर ओळखीची फायनान्स कंपनी १४ टक्क्यांनी कर्ज देईल, कागदपत्रांचा त्रास नाही. मुलगी पाच वर्षांची असताना तिच्या शिक्षणासाठी घेतलेली पॉलिसी आहे, हप्ता वर्षाला ६० हजार. आज मोडली तर ९ लाख २० हजार मिळतात, दोन वर्षांनी मुदत संपली की १३ लाख ४० हजारांच्या आसपास. एजंट म्हणतो, मोडा आणि उरलेल्या पैशांत नवीन गॅरंटीड प्लॅन घ्या. पॉलिसी मोडू की फायनान्स कंपनीचं कर्ज घेऊ?

उत्तर : आज यातलं काहीच करू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे : बँकेने मान्यतेचं पत्र मागितलं आणि कॉलेजकडे ते नाही. तुम्हाला ती बँकेची अडवणूक वाटली. पण या सगळ्या व्यवहारात तुमच्या बाजूने विचारलेला तो एकमेव प्रश्न आहे.

बीएएसएलपी ही इतर बीएस्सीसारखी पदवी नाही. ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट हे १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली येतात. परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या कॉलेजातून पदवी घेतली तरच परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. सरकारी जागा सोडा, धड चालणारं खासगी रुग्णालयही नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय मुलाखतीला बोलावणार नाही. म्हणजे मान्यता आली नाही, तर १२ लाख आणि चार वर्षं खर्चून मुलीच्या हाती पडेल ते एक गुणपत्रक. शिवाय कर्ज फेडायचंच आहे, कारण फायनान्स कंपनीला पदवी चालते की नाही याच्याशी देणंघेणं नाही. त्या कंपनीने पत्र मागितलं नाही, ते यासाठीच.

‘प्रक्रिया चालू आहे’ हे उत्तर मी फार पालकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि दरवेळी संताप येतो. मान्यता एखाद्या संस्थेला सरसकट मिळत नाही. ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक जागांना आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी मिळते. त्याच संस्थेचा विशेष शिक्षणाचा डी.एड. मान्य असेल आणि बीएएसएलपी नसेल, असंही होऊ शकतं. म्हणून भिंतीवर फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र लांबून पाहून परत येऊ नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी आहे. त्यात कॉलेजचं नाव, त्याखाली बीएएसएलपी आणि यंदाचं वर्ष, तिन्ही एकत्र दिसलं पाहिजे. विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र वेगळं मागा.

कॉलेजातही मुलीला घेऊन एकदा कामाच्या दिवशी सकाळी जा. हा अभ्यास पुस्तकातून अर्धाच होतो. स्वरयंत्राची रचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र वर्गात शिकवता येतं. पण तोतरं बोलणारा शाळकरी मुलगा, पक्षाघातानंतर शब्द न सापडणारे आजोबा, कॉक्लिअर इम्प्लांट होऊन पहिल्यांदा आवाज ऐकणारं तीन वर्षांचं पोर, हे समोर बसल्याशिवाय हात बसत नाही. ओपीडीचं रजिस्टर दाखवायला सांगा, काल किती पेशंट आले ते मोजा. श्रवण चाचणीच्या ध्वनिरोधक खोलीत जा आणि ऑडिओमीटरच्या कॅलिब्रेशनची शेवटची तारीख विचारा. मशिनवर प्लास्टिकचं कव्हर आणि त्यावर धूळ असेल तर निघून या.

मुलीची निवड मात्र चांगली आहे, ती बदलू नका. शासनाच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा केंद्रांत ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्टचं पद असतं. आणि बोलण्याची थेरपी पेशंटच्या घरच्या भाषेतच करावी लागते, त्यामुळे मराठीत काम करणारी माणसं आपल्याला हवीच आहेत. राज्यातले बीएएसएलपीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात, एमबीबीएसला न पुरणारे गुण इथे पुरू शकतात. हे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या फेऱ्यांत तिने अर्ज केला आहे का, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. मुंबईत नायर रुग्णालयाचं कॉलेज आहे, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासून चालणारी अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. यांतल्या एखाद्या ठिकाणी नंबर लागला तर १२ लाखांचा प्रश्नच उरत नाही. यंदा नाही लागला, तर एक वर्ष थांबणं हे मान्यता नसलेल्या चार वर्षांपेक्षा कितीतरी स्वस्त.

माहितीपत्रकातल्या परदेशी पगारांवर हिशोब मांडू नका. अमेरिकेत स्पीच थेरपीला मास्टर्स आणि ऑडिओलॉजीला डॉक्टरेट लागते, वर राज्याचं लायसन्स. इथे नव्या पदवीधराला २५ ते ३० हजार धरा. पुढे एमएस्सी करावीशी वाटेल, तो खर्च वेगळा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मान्य कॉलेज मिळालं, असं धरून. पॉलिसी वाईट आहे. १५ वर्षांत ९ लाख भरून साडेतेरा लाखांच्या आत, म्हणजे जेमतेम ५ टक्के. तेच पीपीएफमध्ये १६ लाखांच्या वर गेले असते. पण ते नुकसान होऊन गेलं. आज मोडून मिळणारे ९ लाख २० हजार आणि राहिलेले दोन हप्ते मिळून १० लाख ४० हजार, त्याचे दोन वर्षांत १३ लाख ४० हजार. या शेवटच्या टप्प्यात पॉलिसी वर्षाला १४ टक्क्यांच्या आसपास देते आहे. अंतिम बोनस कमी आला तरी ११ टक्के सुटतील. म्हणून मोडू नका. पहिल्या दोन वर्षांचे साडेसहा लाख बँकेच्या शैक्षणिक कर्जातून घ्या; साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देण्याची योजना बँकांकडे आहे. साडेदहा टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज लाखभर. पॉलिसीचे पैसे आले की साडेसात लाख फेडा, उरलेल्यात शेवटची दोन वर्षं निघतील. १४ टक्क्यांच्या कर्जात ३५-४० हजारच जास्त गेले असते, त्यामुळे मोह होईल. पण बँकेकडे जाण्याचं कारण व्याज नाही, ते पत्र आहे.

एजंटाला नव्या गॅरंटीड प्लॅनसाठी दारात उभं करू नका. आधीच्या पॉलिसीत त्याने विमा मुलीच्या नावावर काढला आहे ना? बहुधा तसंच असेल, पॉलिसीचा कागद काढून बघा. कमावते तुम्ही, आणि तुमच्या जिवाचा विमा किती, हे पत्रात कुठेच नाही. प्रकृती ठीक असेल तर साठीपर्यंतचा ५० लाखांचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे नुसता जिवाचा विमा, वर्षाला १५ ते २० हजारांत मिळावा. कर्जावर सही करण्याआधी तो घ्या.

७५ हजार लेखी अर्ज देऊन परत मागा आणि पोच घ्या. नाही मिळाले तर ते बुडाले असं समजा, पण ते वाचवायला फीचा पहिला हप्ता भरू नका.